चिंचोक्याएवढी गाठ, दोनदा काढलेली

पेशंट मुलगी, वय १७, अकरावी सायन्स. वरच्या हिरडीवर उजव्या बाजूला आठ महिन्यांपासून गाठ. दुखत नाही, ब्रश लागला की रक्त येतं. जानेवारी २०२४ मध्ये, संक्रांतीनंतरच्या आठवड्यात, केसपेपरवर मी एवढंच लिहिलं होतं. सोबत आजी होती. आई-बाप कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, सांगलीकडच्या एका साखर कारखान्याच्या फडात. केज तालुक्यात जानेवारीत लेकरांना दवाखान्यात आणणारे बहुतेक आजी-आजोबाच असतात. या केसमध्ये तीच गोष्ट निदानाइतकी आडवी आली, म्हणून आधी सांगून ठेवते.

मुलगी खुर्चीत बसली तरी ओढणीचं टोक तोंडावरच. बोलायचं काम आजीकडे.

"मस आलंय मॅडम. बांधलं होतं, पडलं बी. पुन्हा आलं."

"कशानं बांधलं?"

"घोड्याच्या शेपटीचा केस. चामखिळीला बांधतेत ना, तसा."

हसण्यासारखं यात काही नाही. देठ असलेल्या गाठीचा रक्तपुरवठा बांधून तोडायचा, ही कल्पना चुकीची नाही. फक्त बांधल्यावर वरचं टोक गळतं, बूड जागेवर राहतं आणि त्या बुडातून गाठ परत वाढते. पुढे मी स्वतः यापेक्षा फार वेगळं केलं नाही, ते येईलच.

मधल्या काळात एका दवाखान्यातून दोनदा अँटिबायोटिकचा कोर्स झाला होता. हिरडी फुगलेली दिसली की गोळ्या लिहून द्यायची सवय आपल्याकडे सगळीकडे आहे. इथे पू नव्हता, ताप नव्हता, दुखणं नव्हतं. गोळ्यांनी जायला तिथे काही नव्हतंच.

ओठ वर केला. उजवा पटाशीचा बाजूचा दात आणि सुळा यांच्या मधल्या हिरडीतून निघालेली, चिंचोक्याएवढी गाठ. प्रोबने मोजली, १४ बाय १० मिलिमीटर. बूड वरच्या भागापेक्षा अरुंद. रंग बाजूच्या हिरडीपेक्षा लालसर, पण रक्ताळलेला नाही. खालचा सुळा जिथे चावत होता तिथे टोकावर पांढरट चट्टा. बोटाने दाबली तर कच्च्या पेरूच्या फोडीसारखी घट्ट. गाठीने दोन दातांना किंचित बाजूला ढकललं होतं, फट नव्याने पडलेली दिसत होती. आरशाने गाठ उचलून खाली पाहिलं तर दाताच्या मानेवर पिवळ्या दगडाची, म्हणजे कडक झालेल्या किटाची कड, आणि तिथे प्रोब टेकताच रक्त.

खरी खूण मला गाठीत नाही, तर बाकीच्या तोंडात सापडली. डावी बाजू बऱ्यापैकी स्वच्छ होती, उजव्या बाजूच्या दातांवर मात्र पांढरा थर. "इकडे ब्रश लावतेस का गं?" तिने मान हलवली. रक्त येतं म्हणून लावत नाही. किती दिवस? सुरू झालं तेव्हापासून. म्हणजे गाठीतून रक्त येतं म्हणून ब्रश बंद, ब्रश बंद म्हणून कीट आणि दगड, आणि त्या टोचणीने गाठ आणखी मोठी. हिरडीवरच्या साध्या गाठींपैकी बहुतेकींचा जन्म असाच होतो. सतत काहीतरी टोचतं आणि हिरडी प्रमाणाबाहेर भरून यायला लागते. दगड, तुटक्या दाताची कड, वर आलेलं फिलिंग, बसत नसलेली कवळी, टोचणारं काहीही असू शकतं.

फिट्सच्या गोळ्या चालू आहेत का, हे विचारलं. फेनिटॉइनने हिरड्या सुजतात, ब्लडप्रेशरच्या अम्लोडिपिन आणि निफेडिपिननेही. अर्थात त्यात सहसा एकच गाठ येत नाही, बऱ्याच दातांच्या हिरड्या एकदम वाढतात. मग आजींना केसपेपरच्या पैशांचं निमित्त करून बाहेर पाठवलं आणि पाळीबद्दल विचारलं. गरोदरपणात हॉर्मोनमुळे हिरडीवर अशीच गाठ येते. सतरा वर्षांच्या मुलीला हा प्रश्न आजीसमोर विचारला तर उत्तर एकच मिळतं, आणि त्या उत्तरावर भूल देऊन सुरी चालवायची नसते. पाळी नियमित होती. मुलीला प्रश्नाचा राग आला नाही. उलट एकटीशी कुणी बोलतंय म्हटल्यावर ती पहिल्यांदा बोलली. म्हणाली, वर्गात हसताना मी मान खाली घालते.

आजी आत आल्या त्या थेट कॅन्सरवर. भावकीतला एक जण गुटख्याने गेला होता. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे आणि टपरीवर तो आजही मिळतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे रोज येतो. हिरडीचा कॅन्सर कधीकधी साध्या गाठीचं सोंग घेऊन येतो, हेही खरं. म्हणून खुणा एकेक करून पाहिल्या. कडा कडक आणि वर उचललेल्या नव्हत्या. न भरणारी, वेडीवाकडी जखम नव्हती. कारण नसताना हलणारा दात नव्हता. ओठ बधिर नव्हता, मानेत गाठी नव्हत्या, मुलीला तंबाखूचं काही नव्हतं. आजींना सांगितलं, "दिसायला साधी आहे. पण तुकडा तपासून आल्याशिवाय मी कागदावर साधी लिहिणार नाही."

आता नावाचं. अशा गाठींना एप्युलिस म्हणायची जुनी पद्धत आहे. त्याचा अर्थ 'हिरडीवरचं' एवढाच. म्हणजे ते नाव नाही, पत्ता आहे. त्या पत्त्यावर मुख्यतः चौघं राहतात. पहिली तंतुमय गाठ, म्हणजे फायब्रोमा. फिकी, घट्ट, वर्षानुवर्षं तेवढीच. दुसरी पायोजेनिक ग्रॅन्युलोमा. लालभडक, मऊ, नुसत्या स्पर्शाने रक्त. हे नाव १९०४ मध्ये हार्टझेल नावाच्या डॉक्टरने दिलं आणि तेव्हापासून ते चुकीचंच चालत आलंय, कारण यात पूही नसतो आणि खऱ्या अर्थाने ग्रॅन्युलोमाही नसतो. गरोदरपणातली गाठ ती हीच. तिसरी जायंट सेल ग्रॅन्युलोमा. जांभळट, निळसर झाक असलेली, आणि खालच्या हाडाला वाटीसारखा खड्डा पाडू शकणारी. ही निघाली तर रक्तातलं कॅल्शियम आणि पॅराथायरॉइडही तपासावं लागतं, कारण पॅराथायरॉइड ग्रंथी बिघडल्यावर जबड्यात होणारी गाठ सूक्ष्मदर्शकाखाली अगदी अशीच दिसते. चौथी पेरिफेरल ऑसिफाइंग फायब्रोमा. आत हाडाचे कण तयार झालेली. दहा ते एकोणीस या वयात, मुलींमध्ये आणि वरच्या जबड्याच्या पुढच्या भागात ती जास्त दिसते.

वय, लिंग, जागा, तिन्ही चौथीकडे बोट दाखवत होते. मी केसपेपरवर पायोजेनिक ग्रॅन्युलोमा लिहिलं. का? कारण ती मी जास्त पाहिलेली होती. 'जुनी झाल्याने घट्ट झालेली' असं स्वतःला समजावलं. तसं होतं, पुस्तकातही आहे. पण सोयीचं स्पष्टीकरण सापडलं की डोळे पुढचं बघायचे थांबतात.

छोटा एक्स-रे काढला. दातांमधलं हाड शाबूत, खड्डा नाही, मुळं ठीक. हाडाला लागलेलं नाही, असा शेरा लिहून फिल्म पाकिटात टाकली. रक्ताच्या तपासण्या केल्या. साखर ठीक, रक्त थांबायचा वेळ ठीक, हिमोग्लोबिन ८.९. प्राथमिक आरोग्य केंद्रातून लोहाच्या गोळ्या सुरू करायला सांगितलं.

आणि मग थांबावं लागलं. मुलगी सज्ञान नाही, ऑपरेशनच्या संमतीवर आई किंवा बापाची सही हवी. बापाने फोनवर "तुम्ही करा मॅडम, माझी हरकत नाही" म्हटलं. फोनवर सही होत नाही. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असताना फडातून एक दिवस निघायचं म्हणजे कोयता मोडतो, जोडीदार एकटा पडतो, मुकादम पैसे कापतो. हे मला माहीत होतं, तरी मी अडून बसले.

हा वेळ फुकट गेला नाही. पहिल्या दिवशीच दोन्ही जबड्यांचं स्केलिंग केलं, गाठीखालचा दगड काढला. मऊ ब्रश दिला आणि सांगितलं, रक्त आलं तरी घास, आठ दिवसांनी कमी होईल. तीन आठवड्यांनी मुलगी आली तेव्हा रक्त जवळजवळ थांबलं होतं. बाजूच्या हिरडीची सूज उतरली होती. गाठ मात्र १४ ची १३ झाली होती, बस. टोचणी काढल्यावर सूज ओसरते, रक्तवाहिन्यांनी भरलेली ताजी गाठ बऱ्यापैकी आकसते. ही आकसली नाही. हीसुद्धा खूणच होती, आणि मी नोंद केली ती फक्त आकड्याची.

फेब्रुवारीत बाप एका दिवसासाठी आला. रात्रभर एसटीत बसून सकाळी दहाला दवाखान्यात, हाताला उसाच्या पानांचे ओरखडे. सही केली, आणि तुकडा तपासायच्या लॅबच्या आठशे रुपयांवर अडला. "काढून टाकल्यावर तपासायचं काय?" प्रश्न बिनबुडाचा नाही. काढलेली गाठ कचऱ्याच्या डब्यात गेली तर पेशंटला त्या दिवशी काहीच फरक पडत नाही. फरक पडतो तो गाठ परत आल्यावर. तेव्हा काय परत आलंय हे सांगायला कुणी नसतं. पैसे अर्धे मी घातले. हे औदार्य म्हणून लिहीत नाही, तपासणी टळू नये म्हणून तडजोड केली.

भूल लिग्नोकेन २ टक्के, ॲड्रेनलिनसह. सुई गाठीत टोचायची नाही, लांबून फिरवायची. गाठीत औषध भरलं तर पेशी फुगतात आणि स्लाइड वाचणाऱ्याला त्रास होतो. पंधरा नंबरच्या पात्याने बुडाशी छेद घेतला. आणि इथे माझा हात आखडला. पुढचा दात, सतरा वर्षांची मुलगी. हिरडी जास्त काढली तर दात लांबोडका दिसेल, दोन दातांच्या मध्ये काळा त्रिकोण पडेल. म्हणून हाडावरच्या अस्तरापर्यंत न जाता मी बुडाशी समांतर, सपाट कापलं. कापताना पात्याला एका जागी कचकच लागली, डाळीत खडा लागावा तशी. दगडाचा कपचा राहिला असेल म्हणून मी पुढे गेले. दगड तर तीन आठवड्यांपूर्वीच काढला होता.

रक्त दाबून थांबवलं, वर पॅक लावला. तुकडा १० टक्के फॉर्मॅलिनच्या बाटलीत, तुकड्याच्या दहापट तरी द्रव. प्रॅक्टिसच्या पहिल्या वर्षी मी एक तुकडा सलाईनमध्ये पाठवला होता. लॅबला पोहोचेपर्यंत तो कुजला, आणि त्या पेशंटचं निदान कायमचं गेलं. तेव्हापासून बाटली भरून, नाव घालून, झाकणाला चिकटपट्टी लावूनच लातूरला जाते.

रिपोर्ट नवव्या दिवशी आला. पेरिफेरल ऑसिफाइंग फायब्रोमा. पेशींनी गच्च तंतुमय ऊतक, त्यात जागोजागी नव्या हाडाचे आणि सिमेंटमसारखे, म्हणजे दाताच्या मुळावरच्या कठीण थरासारखे कण. कॅन्सरची कुठलीही खूण नाही. आणि शेवटची ओळ, गाठ बुडाच्या कडेपर्यंत पोहोचलेली आहे.

पाकिटातली फिल्म काढून खिडकीशी धरली. दोन दातांच्या मधल्या हाडाच्या बाहेर, जिथे फक्त मांस असायला हवं, तिथे तांदळाच्या कणीएवढा धूसर पांढरा ठिपका होता. जानेवारीतही तो होताच. मी हाड बघत होते, हाडाला काही झालेलं नाही हे बघून समाधानी झाले होते. आता अशी घट्ट गाठ आली की एक फिल्म नेहमीसारखी आणि एक कमी एक्सपोजरची काढते, कारण नेहमीच्या एक्सपोजरमध्ये मऊ भागातले बारीक कण जळून जातात.

कचकच कसली होती तेही कळलं. ही गाठ नुसत्या हिरडीची नसते. दाताला हाडाशी बांधून ठेवणारे जे तंतू असतात, त्यातल्या पेशींना हाड आणि सिमेंटम तयार करता येतं. हाडावरच्या अस्तरातल्या पेशींनाही हाड तयार करता येतं. त्यांना डिवचलं की त्या आपलं काम नको तिथे करायला लागतात. म्हणूनच ही गाठ हिरडीवरच होते, गालावर किंवा जिभेवर होत नाही. आणि म्हणूनच वरून सपाट कापून चालत नाही. जिथून ती निघते ते अस्तर आणि ते तंतू खरवडले नाहीत तर घोड्याच्या केसाने बांधणं आणि माझं पातं, दोन्ही सारखंच. एरवीही काढल्यानंतर शंभरातल्या आठ ते वीस जणांमध्ये ती परत येते.

रिपोर्टचा फोटो बापाने मुकादमाच्या पोराला पाठवला, पोराने मोबाईलवर शोधलं, आणि रात्री फोन आला, "हाडाचा ट्यूमर हाय म्हणतेत." नावामुळे हा घोळ कायम होतो. जबड्याच्या हाडाच्या आत होणारी ऑसिफाइंग फायब्रोमा ही निराळी गाठ. ती खरोखरची हाडातली गाठ आहे, वाढत जाते. हिरडीवरची तिची बाहेर आलेली बहीण नाही, नुसतं नावसाम्य आहे. फोनवर बापाला म्हटलं, "गावात एका नावाची दोन माणसं असतात की नाही? तसं आहे हे." त्याला पटलं. माझी खरी अडचण त्याला सांगायची राहिली होती, तीही सांगितली. बूड राहिलंय, परत येऊ शकते, आली तर पुन्हा काढावी लागेल. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, पट्टा पडल्यावर बघू. म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपल्यावर.

लगेच पुन्हा कापायचं की वाट बघायची? मी वाट बघायचं ठरवलं. जखम भरत होती, घरी मोठं कुणी नव्हतं, हिमोग्लोबिन कमी होतं, आणि राहिलेल्या बुडातून गाठ येईलच असं नाही. दुसऱ्या कुणी लगेच उघडलं असतं तर मी त्यांना चूक म्हणणार नाही. एप्रिलमध्ये जागा साफ दिसली. मेमध्येही. जुलैत, पेरणी झाल्यावर, आईच तिला घेऊन आली. त्याच जागी ज्वारीच्या दाण्याएवढी, गुलाबी, घट्ट फुगवटी.

ऑगस्टमध्ये दुसरं ऑपरेशन. या वेळी आई-बाप दोघंही घरी, हिमोग्लोबिन ११.२. समोरच्या दातापासून सुळ्याच्या मागच्या दातापर्यंत हिरडी अस्तरासकट उचलली. गाठ, तिच्या भोवतालची एक-दोन मिलिमीटर चांगली हिरडी आणि खालचं अस्तर एकत्र काढलं. मग दोन दातांच्या मधल्या तंतूंची जागा क्युरेटने हाड पांढरं दिसेपर्यंत खरवडली. मुळं घासून गुळगुळीत केली. हाडाचा वरचा पापुद्रा ड्रिलच्या गोल टोकाने (बरने), सलाईनचं पाणी सोडत, हलकासा काढला. शेजारची हिरडी थोडी सरकवून उघड्या जागेवर आणली आणि रेशमी धाग्याचे टाके घातले. पाऊण तास लागला. पहिल्या वेळी वीस मिनिटांत उरकलं होतं.

घरी काय करायचं ते आईला सांगितलं. दुखलं तर पॅरासिटामॉल, दोन दिवस थंड आणि मऊ, ज्वारीची भाकरी खायची तर दुधात कुस्करून, ठेचा टाके निघेपर्यंत बंद. क्लोरहेक्झिडिनने दिवसातून दोनदा चूळ, आठच दिवस, जास्त वापरलं तर दात तपकिरी होतात. आठव्या दिवशी टाके काढले. दुसऱ्या रिपोर्टात निदान तेच होतं, कडा मात्र मोकळ्या.

एक तिरपी गोष्ट इथेच नोंदवते. टाके काढायच्या दिवशी आजीही आल्या होत्या. ठेच्यावरच्या बंदीवर त्या खळखळून हसल्या, आणि खालच्या ओठाच्या आत, हिरडीलगत, पांढरा खरखरीत पट्टा दिसला. मिश्री पन्नास वर्षांपासून, दिवसातून तीनदा, तीही त्याच जागी. नातीच्या गाठीला कॅन्सर म्हणून आठ महिने झोप उडालेली बाई स्वतःच्या तोंडात मला जास्त काळजीचं काहीतरी घेऊन फिरत होती. अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात चिठ्ठी देऊन पाठवलं. तुकडा तपासला, आत्ता कॅन्सर नाही, पण मिश्री बंद आणि दर तीन महिन्यांनी दाखवायचं. मिश्री बंद झाली असं आजी सांगतात. बोट अजून काळंच असतं.

मुलीचं सांगायचं तर दुसऱ्या ऑपरेशननंतर एक, तीन, सहा आणि बारा महिन्यांनी पाहिली. गाठ नाही. सुळ्यावरची हिरडी दोन मिलिमीटर वर गेलीय, दात थोडा लांब दिसतो. ज्या भीतीने मी पहिल्यांदा हात आखडला होता ती अशी दोन मिलिमीटरची निघाली. टाळूवरून हिरडी घेऊन ते झाकता येईल असं सांगितलं, तर म्हणाली, आता नको, परीक्षेनंतर बघू. दोन दातांमधली फट आपोआप बरीचशी मिटली.

बारावीनंतर ती लातूरला क्लासला गेली. हॉस्टेलवरून केजला दर महिन्याला येणं जमत नाही, म्हणून एक तारखेला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवायचा असं ठरलंय. ऑक्टोबरचा फोटो ट्यूबलाइटखाली काढलेला, हललेला, आणि ओठ अर्धाच वर. मी उत्तर पाठवलं, उद्या सकाळी खिडकीशी उभी राहून, मैत्रिणीला ओठ धरायला लावून पुन्हा काढ. दुसऱ्या दिवशी पावणेसातला आला. ओठ धरणाऱ्या बोटांना मेंदी लागलेली होती, हिरडी साफ होती, आणि सुळ्याच्या मानेशी थोडं कीट. ते लिहून पाठवलं.